सिंट मार्टेनच्या टाइमशेअरमध्ये मी कसा गंडलो

आकडा आधीच सांगून टाकतो: १७,५०८ डॉलर आणि १२ सेंट. रुपयांत साडेचौदा लाखांच्या घरात. पावणेदोन वर्षं ही गोष्ट बायको, मी आणि पुढे मुलगी सोडून ओळखीत कोणाला ठाऊक नव्हती. पुण्यातल्या सख्ख्या भावालाही सांगितली नाही, कारण तो बँकेतून निवृत्त झालाय आणि त्याचा पहिला प्रश्न मला इथे बसून ऐकू येतो, "अरे, पण तू सही केलीसच कशी?"

यंदा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मंडळाच्या गणपतीला जेवणाच्या रांगेत एक जण रंगवून सांगत होता. कॅरिबियनमध्ये पाच रात्री, दोघांचे मिळून फक्त ४९९ डॉलर, दीड तासाचं प्रेझेंटेशन तेवढं ऐकायचं. मी त्याच्या मागेच उभा होतो. काही बोललो नाही. गाडीत बायको म्हणाली, "अहो, निदान त्याला तरी सांगायचं होतंत." म्हणून हे लिहितोय.

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधल्या खोलीत दर वर्षी एक आठवडा राहायचा हक्क विकत घेणं. जास्त समजावत बसत नाही. मॉलच्या दारात कूपन भरून घेतात, मग "अभिनंदन सर" असा फोन येतो आणि नवरा-बायको दोघांनी यावंच लागतं, हे आपल्याकडे कोणाला माहीत नाही? ठाण्याला असताना आम्ही असंच एक भाषण ऐकून, डिनर सेट घेऊन, हसत घरी आलो होतो. त्याच गुर्मीत अशाच ४९९ डॉलरच्या ऑफरवर सिंट मार्टेनलाही गेलो.

१६ जानेवारी २०२३, सोमवार. न्यू जर्सीत कडाक्याची थंडी आणि तिकडे अंगात सुती सदरा. सिंट मार्टेन हे अवघं ८७ चौरस किलोमीटरचं बेट, त्यातला दक्षिणेकडचा भाग डच आणि उत्तरेकडचा फ्रेंच. १६४८ पासून ही वाटणी आहे आणि मधे साधा नाकासुद्धा नाही. माहो किनाऱ्यावर विमानं अक्षरशः डोक्यावरून उतरतात. रिसॉर्टही खोटं नव्हतं. संगमरवरी न्हाणीघर, खोलीतच स्वयंपाकघर, गॅलरीतून समुद्र. जागा भिकार असती तर मी वाचलो असतो.

मंगळवारी सकाळी नऊला बोलावणं. येताना पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड आणा, "फक्त ओळख पटवायला". तुमच्यावर ही वेळ आली तर कार्ड खोलीतल्या तिजोरीत ठेवून जा. ते म्हणतील कार्डाशिवाय भेटवस्तू नाही, तर नको ती भेटवस्तू. मधेच उठून गेलात तर सगळ्या रात्रींचं पूर्ण भाडं लागेल, असं ४९९ च्या पावतीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं. उठून का गेलो नाही असं विचारणाऱ्यांसाठी सांगतोय. पण त्या कागदावर ९० मिनिटंच लिहिली होती, आणि एक्क्याण्णवाव्या मिनिटाला उठायचा मला हक्क होता. आम्ही बसलो ४ तास ४० मिनिटं.

आमच्या वाट्याला आलेला विक्रेता मूळचा गयानाचा, भारतीय वंशाचा पोरगा. हिंदी येत नव्हतं, पण जुनी हिंदी गाणी गुणगुणत होता आणि बायकोला "आंटी" म्हणत होता. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा चक्रीवादळ आलं तेव्हा त्याच्या घराचं छप्पर कसं उडालं ते सांगताना त्याचा गळा दाटून आला. ते खरंच असेल. त्या वादळाने बेटाची वाताहत केली होती. पण त्या छपरावरून तो सफाईने भावावर आला: वादळानंतर सगळं नव्याने बांधलंय, म्हणून सध्या मालकांना खास दर आहे. दर वर्षी एक आठवडा, ४८,६०० डॉलर. मी हसलो. मग दुसरा साहेब आला, ३१,४००. मग तिसरा, कोट घातलेला, २२,९००, तोही फक्त आज. दर थोड्या वेळाने कुठल्यातरी टेबलावर शँपेनचं बूच उडायचं आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. आम्हीही वाजवल्या.

मी अडकलो तो भाड्याच्या गणितात. पोरगा म्हणाला, "ज्या वर्षी येणार नाही त्या वर्षी आमचा रेंटल डेस्क तुमचा आठवडा २,४०० डॉलरला देईल. देखभाल खर्च १,१८५." मी पेपर नॅपकिनवर वजाबाकी केली: १,२१५ डॉलर वरकड, दर साल. तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस मी. बायकोला समजावून सांगितलं, तेही जरा मोठ्या आवाजात. ती म्हणाली, "इतका फायदा असेल तर हे लोक स्वतःच का ठेवत नाहीत आठवडा?" मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

आता तो क्षण. रात्री तीनला जाग आली की अजून समोर येतो.

सगळं ठरल्यावर काचेच्या एका छोट्या खोलीत न्यायचं होतं. आत कागदांचा गठ्ठा, एक हसतमुख बाई आणि कॅमेरा. दारातच पोराने मला बाजूला घेतलं. "त्या काही प्रश्न विचारतील. भाड्याबद्दल विचारलं तर 'नो' म्हणा. भाड्याचं खातं वेगळं आहे. 'येस' म्हणालात तर फाइल लीगलकडे जाते आणि आजचा भाव हातचा जातो." ज्या एका आश्वासनावर मी २२,९०० डॉलर टाकत होतो, ते कोणी दिलंच नव्हतं असं मी कॅमेऱ्यासमोर बोलायचं होतं! आणि सांगत कोण होता? आश्वासन देणाराच.

शंका आली नाही असं नाही. पोटात खड्डा पडला. पण सकाळपासून एका क्रोसाँवर बसलो होतो, शेजारच्या टेबलावरचं टेक्सासचं जोडपं सही करून फोटो काढत होतं, आणि नॅपकिनवरचं गणित मी बायकोसमोर इतक्या रुबाबात मांडलं होतं की आता माघार घेणं म्हणजे तिचं खरं ठरणं. बाईने विचारलं, "तुमचा आठवडा भाड्याने देण्याचं किंवा विकून देण्याचं आश्वासन कोणी दिलं आहे का?" टेबलाखाली बायकोने माझ्या पायावर पाय दाबला. मी पाय मागे घेतला आणि "नो" म्हणालो. स्पष्ट, हसून. रेकॉर्डिंग मी नंतर पाहिलंय. फार छान दिसतोय मी त्यात.

कार्डावर ६,८७० डॉलर, वर कागदपत्रांचे ६९५. उरलेल्या १६,०३० वर १४.९ टक्के व्याज, साठ हप्ते, दरमहा ३८०.५१.

कराराच्या प्रती एका जाड, चामड्यासारख्या फाइलमध्ये घालून दिल्या. "घरी जाऊन निवांत बघा, आता सुट्टी एन्जॉय करा." फाइल मिळाली की पोहायला जाऊ नका. दार लावून बसा आणि पहिल्यांदा रद्द करण्याचं कलम शोधा. माझ्या फाइलमध्ये ते मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात, वेगळ्या कागदावर होतं. फ्लोरिडात कायद्याने १० दिवस मिळतात, आमच्या न्यू जर्सीत ७, मेक्सिकोत कामाचे ५. मला करारात मिळाले होते पाच, सुट्टीचे दिवस धरून, आणि तेही पत्र लेखी हवं, कुरियरने, तिसऱ्याच देशातल्या पत्त्यावर.

आणि या पाच दिवसांत मला एका माणसाने सावध केलं होतं, हे लिहायला सगळ्यात जड जातंय. शुक्रवारी फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर बायकोला कानातलं बघायला गेलो. तिथे दागिन्यांची कितीतरी दुकानं सिंधी मंडळींची आहेत. वयस्क मालकाने चहा मागवला, कुठे उतरलात विचारलं आणि नाव ऐकताच म्हणाला, "भाईसाहब, कुछ साइन तो नहीं किया ना? किया हो तो पाँच दिन का कागज़ देख लेना." रस्त्यावर स्क्रॅच कार्ड वाटणाऱ्या पोरांकडे त्याने बोट दाखवलं. मला राग आला. परक्या दुकानदाराने आपल्याला बावळट समजावं? "हम सब पढ़कर करते हैं," असं ऐकवून मी उठलो. कानातलंही घेतलं नाही. मुदत संपायला तेव्हा दोन दिवस होते.

फाइल उघडली २६ जानेवारीला. पुठ्ठ्याचा खिसा बायकोला सापडला. करारात लिहिलं होतं की कंपनी कोणाचाही आठवडा भाड्याने देत नाही, आणि ग्राहकाने कोणत्याही तोंडी आश्वासनावर विसंबून सही केलेली नाही. खाली माझी सही, प्रत्येक पानावर आद्याक्षरं.

मेल केला. उत्तर आलं: मुदत संपली, कुटुंबात आपलं स्वागत आहे.

मग सुरू झाली सरकारी आणि निमसरकारी यात्रा. कार्डाच्या बँकेकडे ६० दिवसांच्या आत तक्रार केली, पैसे तात्पुरते जमाही झाले, मी पेढे आणले. सात आठवड्यांनी ६,८७० पुन्हा वजा. का? रिसॉर्टने माझ्या सहीचा करार आणि तो व्हिडिओ बँकेला पाठवला. फोनवरच्या बाईने वर कायदा शिकवला, की विक्रेत्याशी वाद असेल तर खरेदी तुमच्या राज्यात किंवा घरापासून १०० मैलांच्या आत झालेली हवी. म्हणजे कार्ड जगभर चालतं म्हणून जाहिरात करायची आणि संरक्षण मात्र फिलाडेल्फियापर्यंत! बेटावरच्या पोलिसांना फोन केला, तर हा दिवाणी मामला, तरीही तक्रार द्यायची तर समक्ष या. समक्ष! राज्याच्या ग्राहक खात्याने चार महिन्यांनी पत्र पाठवलं की विषय अधिकारक्षेत्राबाहेरचा आहे, त्यासोबत "सुज्ञ ग्राहक कसे व्हावे" असं रंगीत पत्रक. वकिलातीने बेटावरच्या वकिलांची यादी धाडली, त्यातले दोन नंबर बंद. केंद्राच्या एका पोर्टलवर तासभर फॉर्म भरला, शेवटी तक्रार क्रमांक आला आणि खाली ओळ: आम्ही वैयक्तिक प्रकरणं सोडवत नाही. मग घेता कशाला? न्यू यॉर्कच्या एका वकिलाने अर्ध्या तासाचे ३५० डॉलर सांगितले, माझा आवाज ऐकून ते घेतले नाहीत, आणि म्हणाला, "तुम्ही कॅमेऱ्यासमोर नो म्हणालात ना? मग विसरा." या सगळ्यांत सरळ बोललेला तो एकटाच.

हप्ते मी भरत राहिलो. लोक म्हणतील मूर्खपणा, पण मुलीच्या कॉलेजच्या कर्जावर सहकर्जदार मी आहे, क्रेडिट स्कोअर खराब करून कसं चालेल? निदान आठवडा तरी वापरू म्हटलं. नाताळ भरलेला, जानेवारी-फेब्रुवारी भरलेले. शिल्लक होता सप्टेंबर. इर्मा आली तो महिना. पुढच्या वर्षी देखभाल खर्च १,१८५ चा १,३४२ झाला, आणि वादळात नुकसान झालं तर दुरुस्तीचा वाटा मालकांकडून वेगळा घेऊ, हेही एका कलमात निघालं. विकायला काढावा म्हणून ईबेवर पाहिलं, तर लोक आपले आठवडे एक डॉलरला देत होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये फोन आला, की मेक्सिकोतली एक कंपनी तुमचा आठवडा ३८,००० ला घ्यायला तयार आहे. माझं नाव, करार क्रमांक, देखभालीची रक्कम, सगळं त्याला माहीत. फक्त तिकडचा कर आधी भरायचा, २,८५०. भरला. हो, भरला, बँकेतून वायरने. बुडणाऱ्याला काडी दिसली की तो ती कोणाची हे विचारत नाही. आठवड्याने आणखी ४,२०० मागितले तेव्हा बायकोने माझ्या हातातला फोन काढून घेतला. पुढे जुलै २०२४ मध्ये अमेरिकी सरकारनेच इशारा काढला, की टाइमशेअरवाल्यांना असे फोन करण्यामागे मेक्सिकोतली हलिस्कोची ड्रग टोळी आहे. एफबीआयच्या हिशेबाने २०१९ ते २०२३ मध्ये सुमारे ६,००० लोकांनी जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी केल्या. म्हणजे माझे २,८५० कुठे गेले असतील! विकत घेणारा तुमच्याकडून पैसे मागतो, तेव्हा तो विकत घेणारा नसतो. फोन ठेवा. त्याला जाब विचारत बसू नका.

फेब्रुवारी २०२४ नंतर हप्ते थांबवले. तोवर बारा गेले होते, ४,५६६.१२. स्कोअर ७८८ वरून ६४१ वर आला. मुलीला खरं सांगावं लागलं. ती काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

परवा पुन्हा एक फोन. फ्लोरिडातली "लॉ फर्म", तुमचे सगळे पैसे परत मिळवून देतो, फी आगाऊ १,९५०. मी फोन स्पीकरवर टाकून बायकोपुढे धरला. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिने इंग्रजीत एवढंच विचारलं, "तुम्ही पैसे परत मिळवून द्यायचं वचन देताय का? हे रेकॉर्ड होतंय." पलीकडून फोन कट झाला.