‘सौजन्याने’ मिळणारं रंगकाम, वॉटरप्रूफिंग आणि पेव्हर ब्लॉक: सिडको वसाहतीतल्या सोसायट्यांनी घ्यावं का?

पालिका निवडणुकीच्या तोंडावर नवी मुंबईत एक सेवा जोरात आली: इच्छुक उमेदवारांकडून सोसायट्यांना फुकट दुरुस्ती. तिचं दुकान नाही, दरपत्रक नाही, बिलही येत नाही. कमिटीच्या मीटिंगनंतर कुणीतरी ‘भाऊंच्या कानावर घालतो’ म्हणतं आणि आठवड्याभरात इमारतीला बांबूची परांची लागते. महापालिकेचं आधीचं मतदान एप्रिल 2015 मध्ये झालं होतं. 2020 ची निवडणूक कोरोनात अडकली, मग प्रशासक आले, आणि पुन्हा मतदान ठरलं ते थेट 15 जानेवारी 2026 ला. म्हणजे पावणेअकरा वर्षांचा उपास एकदम सुटला. त्यामुळे वाढप भरघोस आहे, पण ताटात काय पडतंय ते बघून घेतलेलं बरं.

वाशी, नेरूळ, कोपरखैरणेतल्या सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) बांधलेल्या इमारतींनाच हे वाढप का, ते आधी समजून घ्या. घरं सिडकोने बांधली, भाडेपट्ट्याने दिली आणि हात मोकळे केले. पालिका म्हणते, कंपाउंडच्या आतलं सगळं तुमचं. आतले रस्ते, आतली गटारं, आतले दिवे ‘कंडोमिनियम’मध्ये, म्हणजे सोसायटीच्या सामाईक खासगी मालमत्तेत मोडतात; तरी पालिकेने तिथे खर्च करावा ही मागणी दर निवडणुकीत वर येते. सोसायटीकडेही पैसा नसतो, कारण मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला की सर्वसाधारण सभेत कोरम मोडतो. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीचा राखीव निधी) किमान 0.25 टक्के धरायचा असतो. पण तो बांधकाम खर्च 1980-90 च्या दशकातला, त्यामुळे जमणाऱ्या रकमेत आज परांचीचं भाडंही निघत नाही. या तिघांच्या मधल्या फटीत इच्छुक उमेदवार रंगाची बादली घेऊन शिरतो.

रंगकामाचंच आधी बघू, कारण सगळ्यात जास्त तेच वाटलं जातं.

समजा तळमजला अधिक तीन मजले, 16 घरं, 60 फूट बाय 35 फूट पाया आणि 40 फूट उंची. परिघ 190 फूट, म्हणजे बाहेरची भिंत 7,600 चौरस फूट. खिडक्या वजा करून साडेसहा हजार धरा. बाहेरच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात नीट द्यायचे तर एक लिटर साधारण 50 ते 55 चौरस फुटांना पुरतो. हिशेबाने 120 ते 130 लिटर, म्हणजे 20 लिटरच्या सहा-सात बादल्या, प्राइमर वेगळा. गेटवर उतरलेल्या बादल्या मोजा. तीन-चारच उतरल्या तर उरलेलं काम नळाचं पाणी करणार. रंग वाळल्यावर तळहात घासून बघा. हाताला पांढरी पावडर लागली तर दुसऱ्या पावसाळ्याची वाट बघू नका.

बादल्या पुरेशा आल्या तरी गाडं खरं अडतं ते आधीच्या कामावर. भिंत दाबाच्या पाण्याने धुणं, बुरशी खरवडणं, भेगेला इंग्रजी व्हीसारखी खाच पाडून ती पॉलिमर भराईने बुजवणं, मग प्राइमर, मग रंग. नव्या प्लास्टरचा तुकडा असेल तर तो पूर्ण वाळायला साधारण महिना द्यावा लागतो. उमेदवाराकडे महिना नसतो. ओल्या भिंतीवर रंगाची कातडी बसली की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि मे महिन्यातच फुगे येतात.

सगळ्यात वाईट तेव्हा होतं जेव्हा भिंतीत गंज असतो आणि वरून रंग फासला जातो. खाडीची हवा आणि सळईवर कमी पडलेलं काँक्रीटचं कव्हर, हा या वसाहतींचा जुना रोग. वाशीच्या सेक्टर 9 आणि 10 मधल्या जेएन-1, जेएन-2 इमारतींत स्लॅबचे पोपडे पडण्याच्या तक्रारी सगळ्या शहराला पाठ आहेत. सळई गंजली की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं आणि ते काँक्रीटला आतून ढकलतं. कॉलमच्या कोपऱ्यावर सळईच्या रेषेतच उभी भेग गेली असेल तर तो रंगाऱ्याचा प्रश्न नाही. हातोडीच्या दांड्याने ठोका: टणक आवाज आला तर ठीक, भदभद आवाज आला तर आत पोकळ. त्याची दुरुस्ती म्हणजे सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडायचं, वायर ब्रशने गंज काढायचा, सळई फार बारीक झाली असेल तर शेजारी नवी जोडायची, गंजरोधक लावायचं, बाँडिंगचा हात आणि मग पॉलिमर मॉर्टर पातळ थरांत. ‘सौजन्याच्या’ कामात यातलं बहुधा काहीच नसतं. पोकळ भागावर लांबी (पुट्टी) फिरवतात आणि वर फिकट पिवळा, मध्ये विटकरी पट्टा.

तोच पट्टा पुढे महागात पडतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ प्रमाणे 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) लागतं. त्यावरून इमारत सी-1 (राहण्यास अयोग्य, पाडायची), सी-2अ (रिकामी करून दुरुस्ती), सी-2ब (न सोडता दुरुस्ती) की सी-3 (किरकोळ), हे ठरतं. ऑडिटर आधी डोळ्यांनी भेगा बघतो आणि संशय येईल तिथेच यंत्र लावतो. भेगाच लांबीखाली गेल्या तर चाचणीची जागा चुकते. म्हणून परांची लागण्याआधी एक दुपार काढा. प्रत्येक भेगेचा फोटो, शेजारी मोजपट्टी आणि फ्लॅट नंबर. मोठ्या भेगेवर पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवून तारीख लिहा. भेग सरकत असेल तर काच तडकते. जमलं तर ऑडिट आधी, रंग नंतर. ऑडिटमध्ये फक्त रिबाउंड हॅमर (वरवरचा कठीणपणा मोजणारा हातोडा) मारून अहवाल देणाऱ्याला घेऊ नका. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला 3.5 किलोमीटरच्या वर हवा, 3 च्या खाली गेला तर काँक्रीट संशयास्पद. कार्बोनेशनसाठी (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची सळई जपण्याची ताकद जाणं) ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन टाकतात: गुलाबी झालं तर सळईला अजून संरक्षण आहे, रंगच आला नाही तर ते संपलं. ही चाचणी सभासदांसमोर करायला लावा. गुलाबी रंग सगळ्यांना कळतो.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे तीन प्रकार वाटले जातात. पहिला, ब्रशने मारायचं लिक्विड कोटिंग. धूळ न काढता मारलं की उन्हाने सोलपटतं. एका हंगामाची सोय म्हणा. दुसरा, गॅसच्या ज्योतीने चिकटवायचा डांबरी पट्टा. हा चांगला चालतो, पण पट्ट्यावर पट्टा किमान चार इंच चढायला हवा, भिंत आणि गच्चीच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोला हवा, आणि पट्टा कठड्यावर फूटभर वर जाऊन तिथे खाचेत बंद व्हायला हवा. पावसाळी पाइपच्या तोंडाशी पट्टा आत वळवलेला नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. पाणी तिथूनच जातं.

तिसरा, जुन्या कोब्यावर नवा विटांचा कोबा (विटांचे तुकडे सिमेंटात बसवलेला थर). हा फुकटच काय, वर पैसे दिले तरी घेऊ नका. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला 180 ते 200 किलो. आपल्या उदाहरणातली गच्ची 195 चौरस मीटर आहे, म्हणजे गंजक्या सळईच्या इमारतीच्या डोक्यावर 35 ते 39 टन कायमचे. जुना कोबा फोडून उतरवणार असाल तरच नवा.

पत्र्याची शेड मात्र माझ्या मते या सगळ्या वाटपातली सर्वांत कामाची वस्तू आहे. पाऊस गच्चीला लागतच नाही. अटी दोनच: खांब स्लॅबला भोकं पाडून नव्हे, तर कठड्याच्या वा बीमच्या आधाराने, इंजिनिअरला दाखवून उभे करायचे, आणि चारही बाजू उघड्या ठेवून पालिकेची परवानगी घ्यायची. पन्हळ विसरू नका. दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर या गच्चीवरून साडेएकोणीस हजार लिटर पाणी उतरतं; ते पाइपात नाही गेलं तर थेट तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत जातं.

पण एवढं करूनही गळती थांबते कुणाची? वरच्या मजल्यावरच्या चार घरांची. उरलेल्या बारा घरांत पाणी येतं ते वरच्यांच्या नहाणी ट्रॅपमधून, संडासाच्या जोडातून आणि डक्टमधल्या बीडाच्या जुन्या पाइपांतून. ओळखायची खूण सोपी आहे: डाग मार्च-एप्रिलमध्येही ओला असेल तर तो पावसाचा नाही. त्यावर उपाय म्हणजे डक्टमधले पाइप बदलणं आणि प्रत्येक बाथरूमची लादी उखडून नवं वॉटरप्रूफिंग. 16 घरांची संमती, दोन महिन्यांचा गोंधळ आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जे रस्त्यावरून दिसत नाही ते प्रचारात कुणी देत नाही. सोसायट्यांमधल्या नाराजीचं मूळही इथेच आहे. ‘बिल्डिंग चमकली, पण माझ्या बेडरूमला शेवाळ तसंच’ हे वाक्य वाशीपासून घणसोलीपर्यंत ऐकू येईल. तळमजल्यावरच्यांचा राग आणखी वेगळा, त्यांच्या दारात चेंबर तुंबतं.

तळमजल्यावरून आठवलं: पेव्हर ब्लॉक. जड गाड्या ये-जा करणार असतील तर 80 मिलिमीटरचा ब्लॉक हवा, 60 चा चालण्यासाठी आणि हलक्या गाड्यांसाठी. त्याहून महत्त्वाचं, जुना थर उचलल्याशिवाय नवा टाकू देऊ नका. दर खेपेला चार इंच वाढत आवार जोत्याला टेकतं आणि पहिल्याच मोठ्या पावसात तळमजल्यात पाणी. वाटपात सीसीटीव्हीही असतो; देखभालीचा करार नसेल तर तो शोभेचा.

आता पैसा कुणाचा, हे विचारायला लाजू नका. पालिकेच्या निधीतलं काम असेल तर कार्यादेश असतो, अंदाजपत्रक असतं, आणि विभाग कार्यालयात ते बघता येतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये आणि 30 दिवस लागतात. मग ‘सौजन्याने’ असा फलक लावायचा असेल तर तो करदात्यांच्या नावाने लावा. आचारसंहिता 15 डिसेंबर 2025 ला लागू झाली; त्यानंतर मतदानापर्यंत पालिकेचं नवं काम सुरू झालं असेल तर प्रश्न विचाराच. पैसा उमेदवाराच्या खिशातला असेल तर गोष्ट जास्त नाजूक आहे. मतासाठी दिलेला मोबदला भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 प्रमाणे लाच ठरतो, आणि त्यात घेणाराही येतो. कलम 173 मध्ये एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘सोळा घरांची पन्नास मतं’ असं सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून देणाऱ्या सेक्रेटरीने हे आधी वाचावं.

आधीपासून ठरलेलं, स्वच्छ व्यवहाराचं काम घेतच असाल तर ठेकेदाराकडून मालाची चलनं आणि सोसायटीच्या नावाने लेखी हमी घ्या. हमी उमेदवाराची नको. तो पडला तर फोन लागत नाही, आणि निवडून आला तर अजिबातच लागत नाही.

दुरुस्तीऐवजी ‘पुनर्विकासच करून देतो’ म्हणणाऱ्यांचं पत्रक जरा सावकाश वाचा. सिडकोच्या मोडकळीस आलेल्या इमारतींना अडीच एफएसआयची (भूखंडाच्या अडीच पट बांधकामाची) अधिसूचना फेब्रुवारी 2015 मध्ये निघाली, म्हणजे मागच्या मतदानाच्या दोन महिने आधी. तेव्हाची पत्रकं कुणी जपून ठेवली असतील तर आत्ताच्यांशी ताडून बघा. पुनर्विकासाची वाट सहकार कायद्याच्या कलम 79-अ खालच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयातून जाते: विकासक निवडायच्या सभेला दोनतृतीयांश सभासद हजर, निबंधकांचा प्रतिनिधी, व्हिडिओ चित्रीकरण आणि एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्के लेखी संमती. यात नगरसेवकाची सही कुठेच लागत नाही. त्याच्याकडून मागायचं ते वेगळं: कंपाउंडबाहेरची मलवाहिनी कधी बदलणार, सी-1 इमारतीतल्या लोकांची तात्पुरती सोय कुठे, परवानगीची फाइल किती दिवसांत हलणार.

आणि हे प्रश्न आता चौघांना विचारावे लागतील. 2026 च्या निवडणुकीत नवी मुंबईत पहिल्यांदाच पॅनेल पद्धत आली: 28 प्रभाग, 111 नगरसेवक, 27 प्रभागांत चार-चार आणि एकात तीन. पूर्वी चेंबर तुंबलं की एकाचंच दार वाजवायचं. आता चारजण एकमेकांकडे बोट दाखवतील, तेव्हा कोणतं काम कुणी कबूल केलं ते नावासकट सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.

डांबरी पट्टा बसला असेल तर त्याची परीक्षा एकच. पावसाळी पाइपांची तोंडं बंद करायची, गच्चीवर दोन इंच पाणी भरायचं आणि किमान 48 तास तसंच ठेवायचं. हे पाणी जवळजवळ दहा टन भरतं, म्हणून सी-1 आणि सी-2अ इमारतींत हे करू नका, बाकीच्यांनीही इंजिनिअरला विचारून. मतदानाच्या दोन दिवस आधी सकाळी सात वाजता पाणी भरलंत, तर मतदानाला निघण्याआधी वरच्या चार घरांची छतं हात लावून बघता येतील.