योसेमिटी की सेक्वोया? आईबाबा सोबत असतील तर

मे-जूनमध्ये भारतातून आईबाबा आले की कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या प्रत्येक मराठी घरात हा प्रश्न येतोच: योसेमिटी नॅशनल पार्कला जायचं की सेक्वोया नॅशनल पार्कला? मी दोन्ही केलंय, म्हणून सरळ सांगते.

झाडं बघायचीत तर सेक्वोया-किंग्ज कॅनियन (एकमेकांना लागून असलेली दोन पार्क). योसेमिटीत पण सेक्वोयाची अवाढव्य झाडं आहेत, मारिपोसा ग्रोव्हमध्ये ५०० च्या वर मोठी झाडं आहेत, पण ते धबधबे असलेल्या मुख्य योसेमिटी व्हॅलीपासून सव्वा तास लांब, गाडी बाहेर ठेवून शटलने जायचं, आणि ग्रिझली जायंट या मोठ्या झाडापर्यंतचा लूप दोन मैलांचा. व्हॅलीतले धबधबे बघून दमल्यावर तिकडे जायला कोणी तयार होत नाही, आमच्याकडे तर पहिल्या वेळी राहूनच गेलं.

सेक्वोया पार्कला तर लोक जातातच मुळी झाडांसाठी. जनरल शर्मन हे तिथलं झाड ८३ मीटर उंच, म्हणजे उंचीत जगात पहिलं नाही, पण खोडाच्या घनफळात त्याच्याएवढं झाड कुठेच नाही. बुंध्याचा घेर ३१ मीटर, वीसेक माणसांनी हात धरले तर वेढा पुरा होईल (कुंपण आहे, करू देत नाहीत 😄). २०२१ च्या वणव्यात या झाडाच्या बुंध्याला फॉइलसारखं कापड गुंडाळून वाचवलं होतं. गंमत म्हणजे याच झाडांना आगीची गरजही असते, उष्णतेने शंकू उघडतात आणि बिया खाली पडतात, फक्त हल्लीच्या आगी त्यांनाही झेपत नाहीत.

आता गुडघ्यांचं. शर्मनला पार्किंगपासून अर्धा मैल खाली उतरायचं, पायऱ्या आहेत, आणि उंची साधारण ७००० फूट, त्यामुळे परत चढताना बाबा तीनदा बसले. उन्हाळ्यात खालच्या बाजूने शटल मिळते, ती घ्या, हट्ट करू नका. त्यापेक्षा किंग्ज कॅनियनचं जनरल ग्रँट सोपं, छोटासा डांबरी लूप आहे, आईने चपलेवर केला.

रस्ता: फ्रेस्नो शहराहून हायवे १८० ने आत शिरा. हायवे १९८ चा घाट इतका वळणांचा आहे की ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल होतात.

योसेमिटी कधी? पहिल्यांदाच येताय आणि दीडच दिवस आहे तर तेच, हाफ डोम, एल कॅपिटन हे प्रसिद्ध कडे गाडीतूनही दिसतात. पण मे-जूनमध्येच जा. ऑगस्टपर्यंत ७३९ मीटरचा योसेमिटी फॉल बहुतेकदा आटलेला असतो, मग आई विचारते, "धबधबा कुठाय?" पार्किंगची मारामारी वेगळीच, काही वर्षी आधी रिझर्वेशनही लागतं, निघण्याआधी बघून घ्या.

चार दिवस असतील तर फ्रेस्नो हे मधलं ठिकाण धरून दोन्ही होतात, मी आधी सेक्वोया ठेवीन.

आणि हो, सेक्वोया-किंग्ज कॅनियन पार्कच्या आत गॅस (पेट्रोल) मिळत नाही, फ्रेस्नोलाच टाकी फुल करा. लाडूचा डबा रात्री गाडीत ठेवायचा नाही, अस्वलं दार उचकटतात, त्यासाठी लोखंडी पेट्या आहेत.