नकली हस्तिदंताच्या ग्रिप्स: बरेच महिने वापरल्यावर

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वरला (ज्याचा हॅमर, म्हणजे मागचा घोडा, दर गोळीला अंगठ्याने मागे ओढावा लागतो) पांढऱ्या ग्रिप्स, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंचे पॅनल, लावायच्या हे डोक्यात फार आधीपासून होतं, अस्सल की नकली यावर भरपूर वाचून, चार जाणत्यांना विचारून मी पॉलिएस्टर रेझिनच्या (एक प्रकारचं प्लॅस्टिक) नकली घेतल्या, आणि आता बरेच महिने नेमबाजीच्या रेंजवर वापरून झाल्यात. विकणारे फोटो झकास टाकतात पण घाम, तेल आणि गोळीचे झटके खाल्ल्यावर काय होतं ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे.

आधी फिटिंगचं बोलतो, कारण सगळा खेळ तिथंच आहे, मटेरियल नंतर. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरमध्ये फ्रेम आणि मूळ ग्रिप एकत्र बसवून घासलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून घेतलेली ग्रिप तुमच्या फ्रेमवर तंतोतंत बसेलच असं नाही, कुठेतरी कड बाहेर येणार नाहीतर आत राहणार. बाहेर आलेली चालते, घासता येते. आत राहिलेली परत पाठवा, तिला इलाज नाही. माझ्या ग्रिप्स सगळीकडून जरा मोठ्या होत्या, फ्रेमला दोन थर मास्किंग टेप लावली आणि बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून हळूहळू कडा उतरवल्या, शेवटी २००० नंबरचा पेपर मारला की अस्सलसारखी मंद झाक येते. चकचकीत बफिंग करू नका, चकाकी आली की लगेच प्लॅस्टिक वाटतं. आणि मास्क लावाच, रेझिनची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे खालची पिन. दोन्ही पॅनल एका स्क्रूवर असतात आणि फ्रेममधली छोटी पिन त्यांना फिरू देत नाही. स्क्रू सैल राहिला की प्रत्येक झटक्याला पॅनल त्या पिनवर आपटतं आणि भोक मोठं होत जातं, मग ग्रिप कायमची हलते. उलट स्क्रू जास्त आवळला तर बुशजवळून (स्क्रू बसतो ती धातूची चकती) तडा जातो. मी हाताने घट्ट लागेल इतकाच फिरवतो आणि प्रत्येक वेळी रेंजवरून आल्यावर तपासतो. इतक्या महिन्यांत भोक जसंच्या तसं आहे, तडा कुठेच नाही.

हातात कशा वाटतात? गुळगुळीत आहेत, आणि सिंगल ॲक्शनला तेच हवं. या मुठीचा बाकच असा आहे की झटक्याला बंदूक तळहातात थोडी वर फिरते, हॅमर आपोआप अंगठ्याजवळ येतो आणि पुढच्या वेळी तो मागे ओढणं, म्हणजे कॉक करणं, सोपं जातं. चेकरिंगची, म्हणजे खरखरीत नक्षी कोरलेली ग्रिप असती तर हाच झटका कातडी सोलून गेला असता. तळहात फार घामेजला की मात्र पकड कमी होते, मी कापड जवळ ठेवतो, काम भागतं.

रंगाबद्दल मी खूश आहे. नवीन होत्या तेव्हा जरा जास्तच दुधी होत्या, आता कडांना आणि जिथे अंगठा टेकतो तिथे हलकी पिवळट छटा आलीये आणि ती सुंदर दिसते. साफसफाई करताना ग्रिप्स काढूनच ठेवतो, ॲसिटोन किंवा कडक सॉल्व्हंट रेझिनला लागू द्यायचं नाही. अस्सलला तर साधं तेलही चालत नाही, ते आत मुरतं आणि डाग राहतो.

अस्सलची तुलना करतोय कारण रेंजवर एका ओळखीच्या काकांकडे घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं रिव्हॉल्वर आहे, खऱ्या हस्तिदंताच्या ग्रिप्स असलेलं, त्यांनी ते मला निवांत हाताळू दिलं. खरं सांगायचं तर फरक आहे. अस्सल जड आहे, हात लावला की आधी थंड लागतं आणि मग हळूहळू हाताची ऊब घेतं, रेझिनमध्ये ते नाही. पण त्यांच्या ग्रिपला स्क्रूच्या आजूबाजूला बारीक चिरा आहेत, एक पॅनल आक्रसून फ्रेमपासून सुटलंय, कारण हस्तिदंत म्हणजे शेवटी दातच, हवेतली ओल घेतो आणि सोडतो, वर्षानुवर्षं तेच करत चिरतो. काका आता त्यातून गोळी चालवत नाहीत. अमेरिकन जनरल पॅटनच्या १९१६ च्या कोल्ट रिव्हॉल्वरवर अस्सल हस्तिदंत होता म्हणून लोकांना ते हवंसं वाटतं, मला समजतं ते, पण तेव्हाचा काळ वेगळा होता.

ओळखायचं कसं हे बरेच जण विचारतात. ग्रिपच्या बुडाशी, आडव्या कापाच्या बाजूला बघा. हत्तीच्या दातात तिथे एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते, त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन हत्तीत सरासरी १०० अंशांच्या वर असतो आणि मॅमथमध्ये (हत्तीचा नामशेष झालेला नातेवाईक) १०० च्या खाली. नकलीत बहुधा फार तर सरळ समांतर पट्टे असतात, जाळी नसते. हाड असेल तर बारीक काळपट ठिपके दिसतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली हस्तिदंत लख्ख निळसर पांढरा चमकतो, बहुतेक प्लॅस्टिक मंद राहतं. तापलेल्या सुईची टेस्ट करू नका, वस्तू अस्सल निघाली तर डाग कायमचा. आणि जुन्या सेल्युलॉइडच्या (सुरुवातीच्या काळातलं प्लॅस्टिक) ग्रिप मिळाल्या तर सांभाळून, ते विघटायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारचं लोखंड गंजवतं.

आता अस्सल नवीन का घ्यायचं नाही. सुळ्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हत्तीच्या कवटीत असतो, पूर्ण सुळा हवा म्हणून शिकारी जनावर मारून तोंड कापून काढतात. १९८९ मध्ये आफ्रिकन हत्ती साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारबंदीच्या यादीत गेला तो याच कत्तलीमुळे, अमेरिकेने २०१६ मध्ये देशातला व्यापार जवळपास बंद केला, चीनने २०१७ च्या शेवटी. ‘जुना आहे, कागद आहेत’ म्हणणारा विक्रेता भेटला तरी मी लांब राहतो, कारण जुन्याच्या नावाखाली नवा माल खपवणं हा या धंद्यातला ओळखीचा प्रकार आहे. माझ्या मुठीसाठी एक हत्ती जावा हे मला पटतच नाही, कितीही सुंदर दिसलं तरी. मॅमथवर साइट्सची बंदी नाही पण न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी तोही चालत नाही, शिवाय तो जमिनीत हजारो वर्षं पडून आलेला, चिरण्याचा त्रास तसाच.

ज्यांना रोज भरपूर गोळ्या मारायच्यात त्यांनी रेझिनऐवजी आयव्हरी मायकार्टा बघावा, कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून बनवतात, जास्त चिवट असतो आणि वापराने मधासारखा पिवळा होत जातो. घासायला मात्र कठीण, पेपर लवकर झिजतात. पुढचा सेट मी त्याचाच घेणार आहे, पॅनल जरा जाड मागवून स्वतः उतरवीन.