सूतगिरणीतले शंभरेक कॅमेरे आणि पीओई स्विच: दहा-अकरा महिने वापरल्यावर

इचलकरंजी भागातल्या एका सूतगिरणीचं इलेक्ट्रिकल माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही जुने ॲनालॉग कॅमेरे काढले आणि ९६ आयपी कॅमेरे बसवले. कॅमेऱ्यांबद्दल सगळेच लिहितात. त्यांना एकाच केबलमधून वीज आणि नेटवर्क देणाऱ्या पीओई स्विचबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, आणि रात्री दोन वाजता रेकॉर्डिंग चालू आहे की नाही हे बरंचसं त्याच्यावर ठरतं. कंपनीचं नाव घालत नाही. या वर्गातला माल चार-पाच कंपन्यांचा जवळपास सारखाच आहे, आणि खाली तक्रारीही आहेत.

आम्ही घेतलं ते असं: २४ पोर्टचे, ३७० वॅटचे मॅनेज्ड (म्हणजे कंट्रोल रूममधून सेटिंग करता येणारे) स्विच चार, गेट-वजनकाटा आणि कापूस गोडाऊनसाठी आठ पोर्टचे इंडस्ट्रियल स्विच दोन, हे सहाही फायबरने कंट्रोल रूममधल्या मुख्य स्विचला थेट जोडलेले. एका ठेकेदाराने माळ ओवल्यासारखी जोडणी सुचवली होती, एका स्विचमधून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. फायबर वाचतं, पण मधला एक बसला की पुढचे सगळे आंधळे. ते तिथंच नाकारलं.

पोर्ट मोजून स्विच घेणारे पुष्कळ बघितले. आमच्याकडच्या सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्येही २४ पोर्टच होते. संचालक मंडळ खूश. खाली बारीक अक्षरात पीओई बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टना मिळून देता येणारी वीज, १९० वॅट. ८०२.३ एएफ या २००३ सालच्या पीओई मानकाप्रमाणे एका पोर्टला १५.४ वॅट धरले तर १९० मध्ये जेमतेम बारा पोर्ट भागतात. चोवीसही पोर्टना तेवढी वीज द्यायची तर ३७० लागतात. बाजारात २४ पोर्टच्या स्विचवर हा आकडा वारंवार दिसतो तो त्यामुळेच. विक्रेता म्हणणार, "साहेब, कॅमेरा एवढं खातोय कुठं?" त्याचंही खोटं नाही. आमचा चार मेगापिक्सेलचा साधा बुलेट दिवसा चार-पाच वॅटवर चालतो. पण अंधार पडला की इन्फ्रारेड एलईडी लागतात आणि तोच कॅमेरा आठ-नऊवर जातो. संध्याकाळी स्विचचं पान उघडून बसलं तर हे डोळ्यांसमोर घडतं: आवारातल्या स्विचवर उजेड असताना ११० वॅटच्या आसपास असलेला आकडा अंधार पडता पडता १९० च्या पुढे सरकतो.

शेडमधली गोष्ट वेगळी वाटते. तिथं तिन्ही पाळ्या दिवे चालू, त्यामुळे कॅमेरे रात्रीही दिवसाच्याच मोडमध्ये. मग तिथं कमी वॅटचा स्विच चालेल असं कुणालाही वाटेल. लाइट गेली की खरं कळतं. रिंग फ्रेम (सूत कातणारी मशिनं) थांबतात, शेड काळोखात जाते आणि तिथल्या सगळ्या कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड एकदम पेटतात. म्हणजे लोड वाढतो तो नेमका स्विच यूपीएसवर असताना. बॅकअपचा हिशेब दिवसाच्या आकड्यावर केला असेल तर तो कागदावरच राहतो. आम्ही दिवे मुद्दाम बंद करून आकडा घेतला आणि यूपीएसची बॅटरी त्यावर ठरवली.

वॅटमध्ये अजून एक गोम आहे, जी माहितीपत्रकात सहसा ठळक नसते. काही स्विच कॅमेरा प्रत्यक्षात किती ओढतोय ते न बघता त्याच्या क्लासप्रमाणे (जास्तीत जास्त किती वीज लागेल त्यावरून मानकाने पाडलेला गट) वीज राखून ठेवतात. क्लास ३ चा कॅमेरा सहा वॅट घेत असला तरी १५.४ अडकले, क्लास ४ चा फिरता कॅमेरा असेल तर ३० अडकले. मग प्रत्यक्ष वापर निम्माही नसताना स्विच म्हणतो बजेट संपलं आणि शेवटच्या पोर्टला वीज देत नाही. आमच्या स्विचमध्ये 'क्लासप्रमाणे' की 'प्रत्यक्ष वापराप्रमाणे' हे निवडता येतं, आणि प्रत्येक पोर्टला प्राधान्य देता येतं. गेट, वजनकाटा आणि तयार सुताचं गोडाऊन यांना वरचं प्राधान्य. कँटीन सगळ्यात खाली. वीज कमी पडलीच तर आधी कँटीन जाईल.

आता धूळ. सूतगिरणीत काम न केलेल्या माणसाला ही कल्पना येणं अवघड आहे. कापूस मोकळा आणि साफ करणाऱ्या ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. रिंग फ्रेमवर ओव्हरहेड क्लीनर रुळावरून फिरत सतत फुंकर मारत असतो, आणि ते तंतू जिथं पंखा हवा ओढतो तिथं जाऊन बसतात. ३७० वॅटच्या बहुतेक स्विचला पंखे असतात. कार्डिंगच्या भिंतीवर चाचणीसाठी लावलेल्या नमुन्याच्या जाळीवर काही आठवड्यांत बोटाने सोलता येईल असा नमदा तयार झाला होता आणि आतलं तापमान वाढून पंखा सारखा पूर्ण वेगाने ओरडत होता. कापसाच्या जवळ गरम होणारी वस्तू म्हणजे आगीला आवतण. त्यामुळे मोठे स्विच आम्ही गाळलेली हवा येणाऱ्या पॅनेल रूममध्ये नेले आणि तिथून केबल टाकल्या. जिथं हे जमत नाही तिथं बिनपंख्याचा इंडस्ट्रियल स्विच, धूळबंद पेटीत. साधा स्विच ४०, फार तर ५० अंशांपर्यंतचा असतो. हे उणे ४० ते ७५ अंशांपर्यंतचे. गेटजवळची पेटी एप्रिलच्या उन्हात हात लावू देत नाही. तरी आतला स्विच अजून एकदाही बसलेला नाही. पेटीत पाल शिरू नये म्हणून केबलच्या भोकांना ग्लँड लावा, एवढं मात्र सांगतो.

या इंडस्ट्रियल स्विचला एसएमपीएस, म्हणजे डीसी वीज देणारा पॉवर सप्लाय, वेगळा लागतो. बरोबर आलेला ४८ व्होल्टवर लावलेला होता. साध्या कॅमेऱ्याला ते पुरतं. तीस वॅटच्या ८०२.३ एटीसाठी मानक पोर्टवर किमान ५० व्होल्ट मागतं. एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून ५४ केले आणि गेटवरचा फिरता कॅमेरा कुरकुरायचा थांबला.

गोडाऊनचा किस्सा मात्र स्विचच्या नावावर फुकट खपला असता. दोन नंबर गोडाऊनच्या कोपऱ्यातला फिरता कॅमेरा रोज रात्री बंद पडून परत चालू व्हायचा. रखवालदार म्हणाला, "साहेब, ह्यो कॅमेरा अंधार पडला की डोळे मिटतोय बघा." ठेकेदाराने लगेच निकाल दिला: स्विच खराब, बदलून घ्या. मी केबलचा उरलेला तुकडा घेतला आणि ब्लेडने तार खरवडली. वर तांब्याचा रंग, आत पांढरी चकाकी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. मानकात शंभर मीटरच्या जोडणीचा रोध जास्तीत जास्त १२.५ ओहम धरलेला आहे, ०.६ अँपिअरला साडेसात व्होल्ट वाटेत जातात आणि ५० चे ४२.५ पोहोचतात. या केबलचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. दिवसा कॅमेऱ्याची भूक कमी म्हणून भागत होतं, रात्री इन्फ्रारेड लागले की व्होल्टेज बसायचं. नव्वद मीटर शुद्ध तांब्याची कॅट-६ टाकली, तोच स्विच, तोच पोर्ट, त्रास संपला. केबलचा बॉक्स हातात घेऊन वजन करून बघा. हलका लागला तर परत पाठवा.

शंभर मीटरच्या पुढे जायचं तर बऱ्याच स्वस्त स्विचवर 'एक्स्टेंड' नावाचं बटण असतं. २५० मीटर जातं म्हणतात. जातंही, पण पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर येतो आणि लांब केबलमध्ये व्होल्टेजची तीच रड. आमची शेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभराच्या वर आहे, वर केबल ट्रेचे चढ-उतार. आम्ही ते बटण कुठंच वापरलं नाही. फायबर टाकलं, त्याचा दुसरा फायदा वळवाच्या पावसात दिसला. गेटजवळ वीज पडली त्या संध्याकाळी गेटवरचे दोन कॅमेरे गेले. गेटपासून कंट्रोल रूमपर्यंत तांब्याची केबल असती तर तो धक्का मुख्य स्विच आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या एनव्हीआरपर्यंत चालत आला असता. फायबरला त्याचं काही नाही. गेटच्या पेटीचं अर्थिंग नंतर नव्याने केलं.

वेगाबद्दल फार डोकं खपवू नका. एच.२६५ या व्हिडिओ कॉम्प्रेशनवर चार मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण चार एमबीपीएस घेतो. चोवीस कॅमेरे म्हणजे शंभराच्या आत, मुख्य स्विचकडे जाणारा एक गिगाबिटचा अपलिंक निवांत बसून असतो. दहा गिगाबिटचा स्विच गळ्यात मारायला आलेल्याला चहा पाजून परत पाठवलं. तपासायचं ते एनव्हीआर किती आत घेऊ शकतो ते. आमच्याकडे दोन आहेत, कॅमेरे वाटून.

सुरुवातीला सगळ्यात जास्त वैताग दिला तो क्षणभराच्या डिपने. लाइट पापणी लवावी तशी जाऊन येते, मशिनचे ड्राइव्ह ट्रिप होतात, ते आमच्या अंगवळणी पडलंय. पण पॅनेल रूमचा एक स्विच तेव्हा थेट लाइनवर होता, यूपीएस यायचा बाकी. स्विच परत उठायला दीड-दोन मिनिटं, मग कॅमेरे एकेक करून उठायला अजून मिनिटभर. सेकंदाच्या डिपमागे तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग गायब. मॅनेज्ड स्विच साध्यापेक्षा हळू उठतो हे खरंच आहे. ऑनलाइन यूपीएस लागल्यावर हा प्रश्न उरला नाही.

मॅनेज्ड स्विच आम्हाला साध्याच्या जवळपास दुप्पट किमतीला पडला. अकाउंट्सने विचारलं, जास्तीचे पैसे कशाचे? उत्तर शिडीचं आहे. रिंग फ्रेमच्या वर अठरा फुटांवरचा कॅमेरा अडकला की पूर्वी शिडी, दोन माणसं, फ्रेम थांबवा, प्रॉडक्शनवाल्यांची बोलणी. आता कंट्रोल रूममधून त्या पोर्टची वीज बंद-चालू केली की मिनिटभरात चित्र परत. आणि केबल चाचणी! सिम्प्लेक्स मशिनजवळचा कॅमेरा पूर्ण गेला तेव्हा स्विचने दाखवलं: पोर्ट १७, दुसरी जोडी तुटलेली, अंतर ४१ मीटर. ट्रेवर टेप धरून तिथं गेलो तर दोन हात पुढे उंदराने कुरतडलेली केबल सापडली. नाहीतर आधी कॅमेरा बदलून बघितला असता आणि मग अख्खी केबल.

'वॉचडॉग' नावाची सोय आहे: कॅमेऱ्याने उत्तर देणं थांबवलं की स्विच स्वतःच त्याची वीज तोडून परत देतो. चांगली आहे, पण सांभाळून. सर्व्हिसचा मुलगा कॅमेऱ्यात फर्मवेअर टाकत होता. तेवढा वेळ कॅमेरा गप्प असतो. स्विचला वाटलं हा मेला, आणि त्याने मधेच वीज तोडली. कॅमेरा खरंच मेला. फर्मवेअर टाकायच्या आधी त्या पोर्टचा वॉचडॉग बंद करायचा, हे आता पेटीवर चिकटवून ठेवलंय.

तक्रारी. स्विचचं वेब पान संथ आहे आणि काम करता करता लॉगिनवर फेकून देतं. सेटिंग बदलून 'सेव्ह' वेगळं दाबावं लागतं, नाहीतर रीस्टार्टनंतर सगळं पूर्ववत. फायबर स्विचला जोडणारे एसएफपी मॉड्यूल दुसऱ्या कंपनीचे लावले तर एका स्विचने ओळखलेच नाहीत. एकाच धाग्यावर चालणारे घेणार असाल तर जोडीतला एक १३१० नॅनोमीटरचा आणि दुसरा १५५० चा लागतो. आमच्याकडे एकाच जातीचे चार आले होते. वॉरंटीत पाठवलेला एक स्विच परत यायला इतके आठवडे लागले की तेवढ्यात आम्ही सातवा विकत घेऊन मोकळे झालो.

आता कामगार वसाहतीसाठी वीसेक कॅमेऱ्यांची मागणी आली आहे. २४ पोर्ट, ३७० वॅट, हाच स्विच परत मागवतोय, एसएफपी त्याच कंपनीचे. केबलच्या ऑर्डरवर 'शुद्ध तांबं' असं लिहून घेतलंय, आणि माल उतरवून घेताना मी ब्लेड घेऊन उभा राहणार आहे.