सोंगणीच्या आठवड्यात ‘मेघदूत’ अ‍ॅप कितपत कामाचे?

भारतीय हवामानशास्त्र विभाग आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांच्या सहभागातून २०१९ मध्ये आलेले ‘मेघदूत’ हे मोफत अ‍ॅप जिल्ह्याचा ५ दिवसांचा अंदाज देते आणि दर मंगळवारी व शुक्रवारी मराठीतून पीकनिहाय सल्लाही पुरवते. एकाच आठवड्यात कडक ऊन, ढगाळ वातावरण आणि विजांसह पाऊस असा खेळ चालू असताना सोयाबीनची सोंगणी कधी लावावी, हा यवतमाळ-वाशिमकडचा दरवर्षीचा प्रश्न असतो. अशा वेळी पावसासोबत आर्द्रता आणि वाऱ्याचा वेगही एकत्र पाहायला मिळणे फार सोयीचे ठरते, कारण वारा असला की कपाशीची फवारणी अडते आणि ओल्या शेंगांची गंजी लावली की ती आतून तापून दाण्याला बुरशी धरते.

अंदाज मात्र नीट वाचावा लागतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या भागातील फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस; त्यामुळे शेजारच्या शिवारात सरी कोसळून आपले वावर कोरडे राहिले, तरी अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. गावाचा तासातासाचा अंदाज देण्याचा दावा करणारे एक खासगी अ‍ॅपही मी वापरले. त्यातील ढगाचे चित्र सकाळ-संध्याकाळ बदलत असे, आणि मजूर सांगून ठेवलेल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

विजेच्या सूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप वेगळे घ्यावे. वावरात रेंज नसेल, तर ‘मेघदूत’चा अंदाज घरूनच पाहून निघावे.