वाड्याची तुळई म्हणून आलेलं ओलं लाकूड

निवृत्तीनंतर हाताला काम हवं म्हणून लाकूड कोरायला लागलो. घर सांगलीच्या गावभागात, मागे थोडं परस आहे. तिथे दहा बाय आठची पत्र्याची शेड टाकली, जुन्या दाराच्या फळीचं टेबल केलं, त्याला शिकंजा बसवला. हत्यारांची फळी मुद्दाम छताजवळ ठोकली. २०१९ साली आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं ज्यानं पाहिलंय, तो पटाश्या खाली ठेवत नाही. एवढी अक्कल होती. लाकूड घेताना ती कुठे गेली, ते सांगतो.

फेसबुकवर जाहिरात दिसली. साताऱ्याकडचा जुना वाडा पाडलाय, शंभर वर्षांचं सागवान, तुळया आणि खांब विकायचे आहेत. फोटोत काळपट तुळई, तिला झोपाळ्याची पितळी कडी. असं लाकूड कोरायला सोनं. इतकी वर्षं छताखाली राहिलेलं, त्यामुळे वाळायचं काही शिल्लक नसतं. भाव २,२०० रुपये घनफूट. वखारीत मी साध्या नव्या सागवानाचा विचारला होता, तो याच्या दुपटीच्या पुढे होता.

फोन केला तर माणूस फार आदबीनं बोलला. म्हणाला, "काका, खरं सांगतो, आमच्यात भाऊबंदकी आहे. चुलत्यानं कोर्टात घातलंय. माल गुपचूप हलवायचा म्हणून स्वस्त देतोय. बिल मिळणार नाही, आणि बघायला इकडं येऊ नका, लोकांच्या नजरेत येतं." सगळी गोम या एका वाक्यात होती. बघायला का नाही जायचं, बिल का नाही, गाडी रात्री का येणार, या प्रत्येक प्रश्नाला भाऊबंदकी हे उत्तर तयार. आपल्याकडे ते कोणालाही पटतं. शिवाय मला आतून थोडं बरं वाटलं, ही कबुली द्यायलाच हवी. दुसऱ्याच्या भांडणात आपला फायदा होतोय, असं.

सौ. म्हणाली, "अर्ध्या किमतीत सागवान द्यायला तो तुमचा मेव्हणा लागतो का?" मी हसण्यावारी नेलं.

आठ फुटी, सहा बाय सहा इंची सात तुळया ठरल्या. हिशोब सोपा असतो: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणून १४४ नं भागायचं. एका तुळईचे २ घनफूट, सातांचे १४, म्हणजे ३०,८०० रुपये. त्यातले १०,००० आधी यूपीआयनं, उरलेले ड्रायव्हरकडे रोख. छोटा हत्ती रात्री साडेनऊला आला. ड्रायव्हर घाईत. दोघांनी मिळून एकेक तुळई उतरवली तरी दम लागला. मी कौतुकानं म्हणालो, जुनं लाकूड जड असतंच! खरं तर उलट. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण अठरा किलो भरतं. जे पाण्यासारखं जड लागतं, त्यात पाणीच असतं.

सकाळी टेप लावला तर प्रत्येक तुळई सहा फुटांची. म्हणजे १४ चे झाले साडेदहा घनफूट. फोन लावला, बंद. तरी मी गप्प. लांबीत मारलं असेल, पण माल सोनं आहे, अशी स्वतःची समजूत घातली.

एका तुकड्यावर गणपती काढायला घेतला. पटाशी काय सुरेख चालत होती! मला वाटलं, हात बसला. पाती ओलसर लागायची, ती मी धोतराच्या जुन्या फडक्याला पुसत होतो. बाराव्या दिवशी रात्री शेडमधून टणकन आवाज आला. मांजर असेल म्हणून झोपलो. सकाळी पाहतो तर गणपतीच्या मुकुटापासून सोंडेपर्यंत भेग, बोट जाईल एवढी.

मिरजेत ओळखीचे एक तंबोरे करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे तुनीचं लाकूड वर्षानुवर्षं मुरत पडलेलं असतं. त्यांना एक तुकडा दाखवला. त्यांनी चाकूनं टोकाकडून ढलपी काढली, नाकाला लावली आणि म्हणाले, "काका, हे अजून झाडच आहे." सागवानाला चामड्यासारखा वास येतो, बोटाला तेलकट लागतं. यात दोन्ही नव्हतं. त्यांच्या मते ही ऑस्ट्रेलियन बाभूळ. वरचा काळा रंग म्हणजे गाडीचं जळकं ऑइल आणि काजळी, फडक्यावर रॉकेल घेऊन पुसलं की निघालं. खिळ्यांची भोकंसुद्धा होती, पण आतून कोरी पिवळी. खरा जुना खिळा गंजतो आणि भोकाभोवती काळा डाग लाकडात मुरतो. इथे कोणीतरी गिरमिट फिरवलेलं.

एवढं कळूनही मी तीन आठवडे पोलिसांकडे गेलो नाही. वाटायचं, कोर्टातला माल घेतला म्हणून मीच अडकेन. वाडाच नव्हता, चुलता नव्हता, खटला नव्हता, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. ती भाऊबंदकी स्वस्ताईचं कारण सांगायला होतीच, पण मुख्य म्हणजे नंतर माझं तोंड बंद ठेवायला होती.

शेवटी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. यूपीआयच्या दहा हजारांची नोंद निघाली, खातं तिसऱ्याच कोणाच्या नावावर. रोख दिलेल्या २०,८०० चा पुरावा काहीच नाही. १९३० वर पहिल्या काही तासांत सांगितलं तर पैसे खात्यात अडवता येण्याची आशा असते. मी महिन्याच्या गोष्टी करत होतो.

आता कोरायला वखारीतून शिवणीच्या लाकडाचे तुकडे आणतो, बिल घेऊन, समोर ढलपी काढून. तुळयांपैकी दोन शेडबाहेर बसायला टाकल्यात, अजून तडकतायत. गेल्या आठवड्यात तीच पितळी कडीची तुळई पुन्हा दिसली. वाडा आता वाईकडचा आहे, आणि भाव २,००० झालाय.