वळणावर गाडी बंद पडते: पेट्रोल तुटतं की करंट, आधी कशाला हात लावायचा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जुनी मारुती ८०० नाहीतर ओम्नी अजून बऱ्याच घरी उभी आहे, अन् सरळ रोडवर मस्त चालणारी गाडी फाट्यावर वळवली की बंद पडते हा त्रास कोणालाही विचारा, एकदा तरी झालेला असतोच. मंग एक जण म्हणतो कार्बोरेटर (पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोला, दुसरा म्हणतो वायरिंग पाहा, अन् आपण मधात उभे. माझी ९७ ची ८००, दारव्ह्याहून येताना गावाच्या फाट्यावर डावीकडे वळली की बंद. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ करून घेतला, पैसे गेले, फरक काहीच नाही. मंग एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं बॉनेट न उघडताच विचारलं, "भाऊ, मरताना गचके देते का एकदम चावी काढल्यावानी मरते?" हा प्रश्न मला आधी कोणीच विचारला नव्हता, अन् खरं सांगतो, सगळा निर्णय यावरच आहे.

पेट्रोल तुटलं तर गाडी हळूहळू मरते. दोन-तीन गचके, रेस दिली तरी ओढ नाही, अन् गाडी सरळ झाली की बरेचदा सावरते. करंट (प्लगला ठिणगी देणारी वीज) तुटला तर असं काही नाही, चालता चालता एकदम शांत, अन् करंट परत आला तर सायलेन्सरमधून फटाका वाजतो, कारण न जळलेलं पेट्रोल तिथवर गेलेलं असते. करंटवाल्या गाडीत डॅशबोर्डकडेही पाहा. सगळे लाइट अन् टेपसुद्धा गेला तर बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज नाहीतर चावीचं स्विच. बॅटरी अन् ऑइलचा लाइट पेटलेला आहे पण इंजिन गेलं, तर गडबड कॉइल-डिस्ट्रिब्युटरकडं, म्हणजे ठिणगीची वीज वाढवून प्लगला वाटणाऱ्या भागांकडं.

आता पेट्रोलमध्येही दोन भानगडी आहेत अन् इथं लोक घोळ करतात. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) वर येतो अन् निडल व्हॉल्व्ह (पेट्रोल आत येण्याची वाट) बंद करतो. वळणावर वाटीतलं पेट्रोल एका बाजूला चढते, जसं बैलगाडीतल्या घागरीतलं पाणी चढते तसंच. लेव्हल कमी असली तर जेट (पेट्रोल ओढायचं बारीक छिद्र) उघडा पडतो अन् इंजिन उपाशी मरते, जास्त असली किंवा निडल झिजली असली तर पेट्रोल आत सांडते अन् इंजिन बुडून मरते. उपाशी असली तर वळणावर चोक (हवा कमी करून पेट्रोल वाढवणारा खटका) थोडासा ओढा, गाडी निघून जाईल. बुडालेली असली तर चोक ओढल्यावर आणखी लवकर मरेल, मागं काळा धूर, पेट्रोलचा वास, अन् एक्सलेटर पूर्ण दाबून धरल्याशिवाय परत चालू होत नाही. चोकच्या या एका परीक्षेला पाच मिनिटं लागतात, पैसा लागत नाही.

दुसरी भानगड टाकीची. आपल्याकडं दोनशे-तीनशेचं पेट्रोल टाकून गाडी चालवायची सवय, टाकीच्या बुडाशी जेमतेम पेट्रोल, मंग वळणावर ते बाजूला गेलं की आतला पाइप हवा ओढते. कार्बोरेटरवाल्या गाडीत वाटीतलं पेट्रोल थोडा वेळ पुरते, म्हणून गाडी वळण संपल्यावर जरा पुढं जाऊन मरते. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणाऱ्या) गाडीत अशी वाटी नसते, प्रेशर पडलं की तिथल्या तिथं बंद, अन् टाकीतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो म्हणून त्यालाही नुकसान. काही खोलायच्या आधी टाकी अर्धी भरून त्याच वळणावर नेऊन पाहा, पेट्रोल काही वाया जात नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढत असाल तर हे आधीच करा, कारण चढ अन् नागमोडी वळण दोन्ही एकदम येते. ओम्नीला गॅसचं किट असलं तर काम आणखी सोपं. गॅसवर त्याच वळणावर मरत नाही अन् पेट्रोलवरच मरते तर दोष पेट्रोलच्या बाजूला, दोन्हीवर मरते तर पहिले करंट पाहा.

करंटचं शोधणं मला जास्त सोपं वाटते. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवून चावी हलवा, बॅटरीचे टर्मिनल हलवा, कॉइलचं कनेक्शन हलवा (जाड हाय-टेन्शन वायरला चालू इंजिनवर हात लावू नका, जबर झटका बसते). कुठं हात लावल्यावर इंजिन दचकलं तर तिथंच आहे. अन् एक युक्ती, जम्प केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला अन् दुसरं इंजिनच्या लोखंडाला नीट बांधून, पंख्या-बेल्टपासून दूर ठेवून, गाडी त्या वळणावर न्या. दोष गेला तर इंजिनची अर्थिंगची पट्टी (इंजिन बॅटरीच्या मायनसला जोडणारी) सडलेली आहे. माझी हीच निघाली. फाउंडेशनचं रबर (ज्यावर इंजिन टेकते ते) फाटलं होतं, त्यामुळं वळताना रेस सोडली-दिली की इंजिन जास्तच हलायचं अन् पट्टी आतून तुटत आली होती. फक्त पट्टी बदलून भागलं नसतं, रबरही बदललं, नाहीतर नवी पट्टीही तशीच गेली असती.

अन् कधी कधी वळणाचा दोषच नसतो. आपण वळताना काय करतो? रेस सोडतो, क्लच दाबतो, ब्रेक लावतो. हेच सरळ रिकाम्या रोडवर करून पाहा, तिथंही मेली तर आयडलिंग (रेस न देता इंजिनचा वेग) कमी आहे. ब्रेक दाबल्यावरच मरत असली अन् सूं सूं आवाज येत असला तर ब्रेक बूस्टरचा (ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या डब्याचा) व्हॅक्यूम गळते. पॉवर स्टीयरिंगची गाडी असली तर उभ्या उभ्या स्टीयरिंग शेवटपर्यंत फिरवा, इंजिन बसलं तर आयडलचा व्हॉल्व्ह काजळीनं भरला असेल. या तिन्हीमध्ये कार्बोरेटरची वाटी किंवा टाकी खोलून काहीच मिळणार नाही.

माझं मत विचाराल तर धूर-वास नसला तर पहिले करंट अन् अर्थिंग, मंग टाकी, अन् सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. कार्बोरेटर एकदा खोलला की फ्लोटची लेव्हल अन् स्लोचे (आयडलिंगचे) स्क्रू हलतात, मंग जुना दोष कोणता अन् नवा कोणता हेच समजत नाही. पण पेट्रोलचे रबरी होज पाइप मात्र आताच पाहून घ्या, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडं आहे अन् एवढ्या जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं, फुगते, तडकते, अन् त्याचे कण जेटमध्ये जाऊन बसतात.

वळणावर ऑइलचा लाइट लपलपला तर बाकी सगळं सोडून ऑइल मोजा, त्यात उशीर केला तर इंजिनच जाईल. अन् चालत्या वळणावर बंद पडली तर चावी पूर्ण मागं फिरवू नका, स्टीयरिंग लॉक होऊ शकते. बूस्टरमध्ये एक-दोन ब्रेकपुरताच जोर उरलेला असतो, ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून बाजूला घ्या. कापसाच्या दिवसात मागून भरलेली ट्रॉली येऊन राहिली असते, ती लवकर थांबत नाही.

गावचा मिस्त्री की नागपूर-अमरावती? कार्बोरेटरवाल्या गाडीला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं मशीन) लागतच नाही, तिच्यासाठी जुना मिस्त्रीच बरा, शहरात आता फ्लोट सेट करणारे हात कमी झाले. एमपीएफआय असली तर शहरात न्या, पण ढिली अर्थिंग बरेचदा स्कॅनरमध्ये दिसत नाही, म्हणून हलवून पाहायचं काम घरीच करून जा. अन् कोणाकडंही न्या, मिस्त्रीला सोबत बसवून त्याच वळणावर, त्याच बाजूनं, तेवढ्याच स्पीडनं फिरवून आणा. माझ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं फाट्यावर दोन चकरा मारल्या, अन् मगच पाना हातात घेतला.